कालचा तांडेल, आजचा साहेब

प्रश्न थोडक्यात असा: एका नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रात बरीच वर्षं तांडेल, म्हणजे जवानांचा म्होरक्या, म्हणून काढल्यावर सब ऑफिसरची बढती मिळाली, तीही त्याच केंद्रावर. काल ज्यांच्या डब्यात हात घातला ती पोरं आज हाताखाली आहेत. त्यातला एक याच जागेवर डोळा ठेवून होता. गाडीचे चालक वडिलांच्या वयाचे. आणि वर्दीवर, म्हणजे आगीचा कॉल आलेल्या जागी, पोहोचलं की हात आपोआप ब्रँचकडे, म्हणजे होजच्या तोंडाच्या नळीकडे, जातात, कंट्रोल रूमला मेसेज द्यायचा राहतो. विचारणाऱ्याचं शेवटचं वाक्य आहे, "साहेब झालो, पण साहेबाचं काम नेमकं काय हेच कळेना."

ब्रँचपासून सुरू करू, कारण तुमच्या बाकीच्या अडचणी तिच्याच पोटात आहेत. तुम्हाला बढती मिळाली ती ब्रँच चांगली धरता म्हणून. आपल्या खात्यात असंच चालतं: जो उत्तम आग विझवतो त्याला अधिकारी करायचं आणि तेच काम त्याच्याकडून काढून घ्यायचं. ब्रँच धरणाऱ्याला समोरची पाच-सात फूट जागा दिसते. पाण्याचा दाब हाताला कळतो, ज्वाळा कुठे मागे हटते ते कळतं, बाकी जग बंद होतं. ते बंद व्हायलाच हवं, नाहीतर त्याच्या हातून आग विझणार नाही. पण मग मागच्या गल्लीतून धूर निघायला लागलाय का, पत्रे लाल होतायत का, टँकर कुठवर आलाय, आत गेलेले किती आणि बाहेर आलेले किती, हे बघायला कोणी उरत नाही. ते बघण्याचा पगार आता तुम्हाला मिळतो.

एक साधी युक्ती सांगतो. गाडीतून उतरतानाच एका हातात वॉकीटॉकी आणि दुसऱ्या हातात मार्कर घ्या. हसू नका. रिकाम्या हाताला होज दिसला की तो धावतो, वर्षांची सवय आहे ती. मी पुढे वर गेल्यावरही नव्या सब ऑफिसरच्या हातात पहिल्याच वर्दीला मार्कर दिलाय आणि बहुतेकांना त्याचा उपयोग झालाय.

पहिला मेसेज गाडीचं दार उघडायच्या आत किंवा उघडल्याबरोबर गेला पाहिजे. "मोठी आग आहे, गाड्या पाठवा" याला मेसेज म्हणत नाहीत. असं बोला: "कंट्रोल, बंब दोन. तळमजला अधिक तीन मजली रहिवासी इमारत. दुसऱ्या मजल्यावरून दाट काळा धूर, तिसऱ्यावर गॅलरीत चार-पाच लोक. जिना अजून मोकळा. आम्ही जिन्याने वर जातोय. एक बंब, एक टँकर, रुग्णवाहिका पाठवा, महावितरणला लाईन बंद करायला सांगा." वीस सेकंदांचं काम. काय दिसतं, काय करतोय, काय हवंय. हे घरी आरशासमोर मोठ्याने म्हणून बघा, ड्रिलला पोरांसमोर म्हणा. ताणात माणूस पाठ असलेलंच बोलतो. आणि या मेसेजचा फायदा कंट्रोलपेक्षा तुम्हालाच जास्त होतो, कारण बोलण्यासाठी तुम्हाला आधी थांबून इमारतीकडे बघावं लागतं.

मग इमारतीला एक फेरी. गावठाणात, पेठेत फेरी मारता येत नाही, घराला घर चिकटलेलं असतं. अशा वेळी मागच्या गल्लीत एक माणूस पिटाळा आणि त्याला फक्त एकच काम द्या: मागून काय दिसतं ते वायरलेसवर सांगायचं.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, हे सगळं मुंबई-पुण्याला ठीक आहे, आमच्या गाडीवर चालक धरून चार जण असतात, त्यातला एखादा ठेकेदाराचा. मान्य. लहान नगरपरिषदांचं खरं दुखणं हेच आहे आणि त्यावर कुठल्याही पुस्तकात सरळ उत्तर मिळत नाही. माझा हिशोब असा. चालक पंपावर, तो हलत नाही. दोघं ब्रँचवर, कायम जोडीने. एकट्याला आत पाठवायचं नाही, कितीही अनुभवी असला तरी. चौथे तुम्ही. आत कोणी अडकलंय याची खात्रीलायक खबर नसेल तर पहिली दहा मिनिटं बाहेरून पाणी मारा, शेजारची घरं वाचवा आणि मदत येऊ द्या. मदत मागायला लाजू नका. शेजारच्या नगरपरिषदेचा बंब, एमआयडीसीचं अग्निशमन दल, जवळच्या साखर कारखान्याकडे गाडी असेल तर ती, या सगळ्यांचे फोन नंबर तुमच्या खिशात हवेत आणि त्या केंद्रांवरच्या माणसांशी तुमचा चहा झालेला हवा. मदत लवकर मागवली आणि लागली नाही, तर त्यांना परत पाठवताना थोडं ओशाळल्यासारखं होतं, इतकंच. उशिरा मागवलेली गाडी कूलिंगला, म्हणजे विझलेला ढिगारा गार करायला, येते.

माणूस अडकलाय हे नक्की असेल तर गणित बदलतं, तेव्हा तुम्हालाही आत जावं लागेल. पण जाण्यापूर्वी बाहेर कोणाच्या हातात सूत्रं आहेत ते मोठ्याने सांगून जा. "मामा, मी आत जातोय, आता वायरलेस तुमच्याकडे." चालक मामांना हे ड्रिलमध्ये शिकवून ठेवा, ऐनवेळी नाही.

बीए सेटचं, म्हणजे पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचं आणि मास्कचं, बोलू. याबाबतीत मी हट्टी आहे. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाला साधारण १८०० लिटर हवा असते. मिनिटाला ४० लिटर धरून कागदावर ४५ मिनिटं होतात. होज ओढत जिना चढणारा माणूस मिनिटाला साठ-ऐंशी लिटर सहज ओढतो, म्हणजे हातात राहिली २२ ते ३० मिनिटं. हवा संपत आल्याची शिट्टी ५५ बारच्या आसपास वाजते, तेव्हा उरलेली हवा चार-पाच मिनिटांची असते. आपली पोरं शिट्टी वाजली की परतायला लागतात. शिट्टीला ती बाहेर असायला हवीत. सोपा नियम: एक हिस्सा हवा आत जायला, एक हिस्सा बाहेर यायला, एक हिस्सा अडचणीसाठी. ३०० ला आत गेलेली जोडी २०० ला परत फिरते, आणि जोडीत ज्याचा काटा खाली, त्याच्या काट्यावर दोघं फिरतात.

हे कोण बघणार? बाहेरचा माणूस, म्हणजे तुम्ही. आत गेलेल्यांची नोंद ठेवायचा एन्ट्री बोर्ड नसेल तर बंबाच्या दारावर मार्करने तीन रकाने मारा: नाव, आत गेल्याची वेळ, प्रेशर. (तो मार्कर आठवतोय ना?) लाल रंगावर काळा मार्कर नीट दिसत नाही, पांढरा मिळतो तो घ्या, आणि पुसायला स्पिरीटचा बोळा गाडीत ठेवा, नाहीतर मामा तुम्हाला सोडणार नाहीत. दर दहा मिनिटांनी नाव घेऊन प्रेशर विचारा. सुरुवातीला पोरं वैतागतील, "साहेब, काम करू द्या" म्हणतील. विचारत राहा. काही महिन्यांनी तुम्ही विचारायच्या आत उत्तर येईल.

१४ एप्रिलला आपण सगळे मानवंदना देतो. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजावरच्या स्फोटात ६६ अग्निशामक गेले, हे आपल्याला पाठ आहे. त्या दुपारी निर्णय कसे झाले, किंबहुना कसे झाले नाहीत, याबद्दल मात्र केंद्रांवर फारसं बोललं जात नाही आणि याचं मला वाईट वाटतं. जहाजात सुमारे १४०० टन स्फोटकं होती आणि त्यांच्याबरोबर कापसाच्या गासड्या. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. पाणी सुरू झालं, ९०० टनांच्या वर पाणी ओतलं गेलं, आग दबेना. जहाज ओढून बाहेर न्यायचं की जागीच बुडवायचं, यावर तिथे असलेल्या अधिकाऱ्यांत एकमत झालं नाही आणि वेळेत काहीच ठरलं नाही. जहाज सोडण्याचा हुकूम ३ वाजून ५० मिनिटांनी निघाला, पहिला स्फोट ४ वाजून ६ मिनिटांनी झाला. आपली माणसं तेव्हा पाणीच मारत होती. जागेवर साहेब पुष्कळ होते, "आता सगळे मागे" हे वेळेवर म्हणणारा एक आवाज नव्हता. तुमच्या तालुक्याच्या गावात असं जहाज येणार नाही. पण फटाक्यांचं गोदाम असेल, गॅसचा टँकर उलटेल, केमिकलची ड्रम भरलेली शेड पेटेल. आत काय आहे हे विचारल्याशिवाय पाणी सुरू करायचं नाही, आणि मागे व्हायचा हुकूम द्यायची वेळ आली तर वर फोन करून परवानगी मागत बसायचं नाही. तो अधिकार जागेवरच्या अधिकाऱ्याचा आहे.

दुसरी तारीख ९ मे २०१५. मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीच्या आगीत इमारतीचा भाग कोसळला. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे चार अधिकारी आपण गमावले, काही जागीच, काही नंतर रुग्णालयात. त्यांच्या निर्णयांचा निवाडा करायची माझी पात्रता नाही आणि तो मला करायचाही नाही. पण लाकडी सांगाड्याच्या इमारती तुमच्याही गावात आहेत, वाडे आहेत, बाजारपेठेतली माळ्याची दुकानं आहेत. अशा ठिकाणी आपण ओतलेलं पाणीही वजन असतं. एक जेट मिनिटाला ४५० लिटर टाकत असेल तर दहा मिनिटांत साडेचार टन, आणि कापडाचे, कागदाचे गठ्ठे ते पिऊन धरून ठेवतात. खालचं लाकूड त्याच वेळी जळून बारीक होत असतं.

एका कापडाच्या गोदामावर मी बाहेर उभा होतो. दोघं आत, आग जवळजवळ आटोक्यात. भिंतीच्या जुन्या भेगेतून पाणी झिरपायला लागलेलं दिसलं, आणि शटरची चौकट मघाशी सरळ होती ती डावीकडे झुकल्यासारखी वाटली. वरून चुन्याची भुकटी पडत होती, अगदी थोडी. दोघांना बाहेर बोलावलं. ते आले, रागारागाने, कारण आणखी पाच मिनिटांत काम संपलं असतं. उरलेली आग बाहेरून विझवली, त्याला दीड तास लागला आणि माल जास्त भिजला. भिंत पडली नाही. दुसऱ्या दिवशीही उभी होती, आणि पोरांनी दोन दिवस माझी भरपूर चेष्टा केली. अशी चेष्टा ऐकून घेणं हा या नोकरीचा भाग आहे. भिंत पडली असती तरच निर्णय बरोबर, असं मानायला लागलात तर पुढच्या वेळी तुम्ही भिंत पडायची वाट बघाल.

जागेवरच्या गर्दीचं थोडक्यात. नगरसेवक येणार, "इकडे पाणी मारा" म्हणणार, मोबाइलवाले अंगावर येणार. नगरसेवकाशी वाद घालू नका, त्यांना काम द्या: "साहेब, लोक तुमचं ऐकतात, जरा शंभर फूट मागे घ्या, आणि या इमारतीत कोण कोण राहतं तेवढी नावं मिळवून द्या." दोन्ही कामं ते तुमच्यापेक्षा चांगली करतात.

आता केंद्र. तुमची खरी परीक्षा वर्दीवर होते असं तुम्हाला वाटतंय. वर्दीवर पोरं तुमचं ऐकतील की नाही ते केंद्रावरच्या कंटाळवाण्या तासांत ठरून गेलेलं असतं. पाळी बदलताना गाडीवरची प्रत्येक वस्तू हात लावून तपासली जाते की रजिस्टरवर नुसती टिक होते? बीए सेटचा काटा कोण बघतं? पहिले काही आठवडे तुम्ही स्वतः बघा, त्यांच्याबरोबर उभं राहून. सिलिंडर उघडायचा, काटा वाचायचा, मास्क चेहऱ्याला लावून श्वास ओढून बघायचा, मग सिलिंडर बंद करून हवा हळू सोडायची आणि शिट्टी कितीला वाजते ते बघायचं. दर सेटला दोन-तीन मिनिटं लागतात. सही करणाऱ्याला हे सगळं करायला लावा आणि सहीशेजारी शिट्टीचा आकडा लिहायला लावा. आकडा लिहायचा म्हटलं की माणसाला बघावंच लागतं.

ड्युटी चार्ट आणि रजा यात मैत्री घुसते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री वर्द्या सर्वांत जास्त, तेव्हा रजा कोणालाच नाही, तुम्हालाही नाही. गौरी-गणपती, गावची जत्रा, शेतीची कामं यांच्या रजा वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्यांसमोर बसून वाटा आणि कागद भिंतीवर लावा. जुन्या मित्राला गुपचूप दिलेली एक सुट्टी सगळ्या केंद्राला संध्याकाळपर्यंत माहीत असते.

"अरे-तुरे"चं फार मनाला लावून घेऊ नका. चहाच्या टेबलावर जुना मित्र नावाने हाक मारेल, मारू द्या. गणवेशात, लोकांसमोर, वायरलेसवर मात्र पद. हे एकदाच, हसतखेळत, सगळ्यांना सांगून टाका. चालक मामांशी उलट करा. वर्दीवर जाताना त्यांना विचारा, "मामा, गाडी कुठून घालू या, पाणी कुठून भरू या?" गावातली कोणती विहीर उन्हाळ्यात आटते, कोणत्या गल्लीत बंब वळत नाही, कोणत्या टाकीवर रात्री वॉचमन झोपतो, हे त्यांच्या डोक्यात आहे आणि कुठेही लिहिलेलं नाही. ते लिहून घ्या. त्यांची निवृत्ती जवळ आली असेल.

काजळीचं एक. कोट काळा पडला म्हणजे मर्दुमकी, ही समजूत तुम्हीच मोडायची. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशामकाच्या कामातल्या संपर्काला कर्करोग होतो हे निश्चित असलेल्या पहिल्या गटात टाकलंय. ज्वाळा गेल्यावर पोरं मास्क काढतात आणि धुमसणाऱ्या ढिगाऱ्यात उघड्या तोंडाने कूलिंग करतात. तेव्हाच कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. ढिगारा उपसून होईपर्यंत मास्क, परतताना कोट-हेल्मेट जागेवरच पाण्याने धुवायचे, तो कोट घालून स्वयंपाकघरात यायचं नाही. तुम्ही स्वतः धुतलात तर सांगावं लागणार नाही.

विहिरीतून लहान मूल काढल्यावर, किंवा जळालेलं कुटुंब बाहेर आणल्यावर, लगेच विनोद सुरू होतात. होऊ द्या, ती एक पद्धत आहे. पण त्यानंतरचा आठवडा लक्ष ठेवा. कोण जेवत नाही, कोणाची पिण्याची सवय वाढली, कोण त्या रस्त्याने जायचं टाळतो. त्याला बाजूला घेऊन विचारा, उपदेश न करता. घरी पोरं लहान असतील तर पुढची तशी वर्दी आली की त्याला शक्य तिथे पंपावर ठेवा. डॉक्टरकडे न्यायची वेळ आली तर सोबत जा.

अहवालाचंही तुम्हीच बघायचंय आता. कारणाच्या रकान्यात "शॉर्टसर्किट" लिहून मोकळं व्हायची आपल्याकडे जुनी सवय आहे. पोलीस पंचनामा, विमा, कधी कोर्ट, सगळे त्या एका शब्दावर उभे राहतात. आग कुठे लागली, कोणत्या बाजूला जास्त जळलंय, आम्ही पोहोचलो तेव्हा दार उघडं होतं की बंद, वीज चालू होती का, हे लिहा. कारण कळलं नसेल तर "कारण निश्चित झालं नाही" लिहा. त्यासाठी कोणी तुम्हाला खाऊन टाकत नाही. दबाव येईल, विशेषतः तपासणीच्या कामात. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याने यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालक आणि भोगवटादारावर टाकलीय, दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेचा फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो. कागदावर फॉर्म आहे आणि पंप गंजलाय, असं दिसलं तर तेच लिहायचं. ज्या इमारतीत तुम्ही डोळेझाक कराल, तिथेच तुमच्या पोरांना होज कोरडा मिळेल.

राहिला तो मित्र, ज्याला ही जागा हवी होती. त्याला टाळू नका आणि त्याची समजूतही काढू नका. पहिल्याच आठवड्यात सरळ बोला: तुला वाईट वाटलं असेल, मला माहीत आहे, ड्रिलचं काम मला तुझ्याकडे द्यायचंय. खरोखर द्या, मध्ये तोंड घालू नका. सब ऑफिसरचा कोर्स झाला नसेल तर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयासाठी स्वतःचं नाव मुख्याधिकाऱ्यांकडून पाठवून घ्या, आणि पुढच्या वेळेसाठी त्याच्या नावाची शिफारस आत्ताच फाईलला लावा. तुम्ही कोर्सला जाल तेव्हा केंद्राचा चार्ज त्याच्याकडे लेखी द्या. चाव्या, लॉगबुक, बीए रजिस्टर आणि त्या फोन नंबरांची यादी मोजून द्या आणि सही घ्या, कितीही जुना मित्र असला तरी.